बाकीची घरं

माशीमा,

परवा शंपाचं लग्न झालं. तुझ्याशिवाय झालेलं आपल्या पाऱ्यातलं, आपल्या मोहल्ल्यातलं हे पहिलं लग्न. तू गेलीस त्याला तेव्हा जेमतेम अठरा दिवस झाले होते. पण तारीख आधीच ठरलेली, मंडपवाल्याला सांगून झालेलं, आणि शंपाची आई म्हणाली, "माशीमा होती तो बोलती, मेरे लिए शादी रोकेगी तो भूत बनके आऊँगी." तू खरंच तसं म्हणाली असतीस. त्या लग्नात काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. तू असताना ती कबूल करता आली नाही, कारण तेव्हा मला ती कळलीच नव्हती.

हिंदीत मी तुला 'आप' म्हणायचे. इथे आधी 'तुम्ही' लिहून पाहिलं, पण ते परकं वाटलं. तुमच्याकडे माशीमा म्हणजे मावशी, आणि आमच्याकडे मावशीला 'तू' म्हणतात. म्हणून तू. तुला मराठी वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. हिंदीही वाचता येत नव्हतं. माझ्या हातून जे झालं ते तिथूनच सुरू होतं.

मी तुझ्या दारात आले ती नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. आमगावच्या रेल्वे गँगमनची मुलगी, घरातली पहिली बी.ए. रायपूर राजधानी झाली म्हणून नवी ऑफिसं उघडली, त्यातल्या एका ऑफिसात हिंदी टायपिंगचं काम मिळालं. शहरात अधिकारी भराभर येत होते, खोल्या मिळेनात. शेवटी मामांनी कुणाकुणाला विचारून मला माना कॅम्पच्या, त्या जुन्या निर्वासितांच्या छावणीच्या बाजूला, तुझ्या घरी आणून सोडलं. एक पेटी, एक वळकटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी प्रमाणपत्रं. तू मला वरून खालपर्यंत पाहिलंस आणि पहिला प्रश्न विचारलास, "मछली खाती है?"

"खाते," मी घाबरून मराठीतच म्हणाले.

"तो रह जा."

मामा परत जाताना म्हणाले, "बंगाली बाई हाय, पण दिलाची बरी दिसते." मामांना एवढ्या लवकर कुणाबद्दल बरं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाच वर्षं मी तुझ्याकडे राहिले. शहरात कसं राहायचं ते मला तू शिकवलंस. टेम्पोत कोणत्या बाजूला बसायचं, साहेबाने विनाकारण थांबवलं तर काय सांगायचं. ("बोलना मेरी माशी बीमार है. मैं रोज बीमार रहूँगी, तू चिंता मत कर.") टायपिंगच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा घरी कळवायला तोंड नव्हतं. तू काही विचारलं नाहीस. पाट्यावर मोहरी वाटायला बसवलंस. मोहरीच्या झणक्यानं डोळ्यांतून इतकं पाणी आलं की त्यात रडणं कुठलं आणि मोहरी कुठली ते कुणाला कळलं नसतं. नंतर कायम नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी तू तांदळाचं पायेश, म्हणजे तुमची खीर, केलंस आणि वाढताना नेहमीसारखी माफी मागितलीस: "असली गुड़ खजूर का होता है. ये झूठा पायेश है." प्रत्येक वेळी पायेश केलं की तू हे सांगायचीस. इथल्या उसाच्या गुळाशी तुझा समेट शेवटपर्यंत झाला नाही.

तुझं गाव शालुकडांगा. तिकडे, सीमेपलीकडच्या बंगालात, युद्ध पेटलं त्या वर्षी तू ते सोडलंस. हे सगळं तू सलग कधीच सांगितलं नाहीस. भाजी चिरता चिरता एखादं वाक्य निसटायचं आणि विळीबरोबर थांबायचं. नदी ओलांडताना नावेत पाणी भरायला लागलं. नावाडी म्हणाला, सामान फेका, नाहीतर माणसं. तुझ्या सासऱ्यांनी पत्र्याची पेटी फेकली. तीत जमिनीचे कागद होते, जन्मपत्रिका होत्या, त्यांच्या हातची वही होती. अलीकडच्या काठावर पोचल्यावर ते तीन दिवस बोलले नाहीत. तू त्या दिवसांबद्दल एवढंच म्हणालीस, "कागज सब डूब गया. मुँह में जो था, वो पार हो गया."

मग सीमेवरची छावणी, मग गाडी, मग माना. गावातली जी माणसं काठापर्यंत सोबत होती, त्यांना कुणाला कुठल्या कॅम्पला पाठवलं, कुणाला कुठल्या. आपल्या पाऱ्यात सगळे तिकडचेच, पण वेगवेगळ्या गावांचे. शालुकडांग्याची तू एकटी. तुझा मुलगा गोपाल इथेच जन्मला, तो छत्तीसगढी बोलतो, त्याची बायको कुमारी तर इथल्याच अभनपूरकडची.

तुझ्या तोंडात जे पार झालं होतं, ते पाण्याचं गाणं. गोपालच्या मुलांना ते आठवणार नाही कदाचित, म्हणून ती रीत इथे लिहून ठेवते. तुमच्या गावात लग्नाच्या सकाळी बायका कळशी घेऊन घरोघर जायच्या. प्रत्येक दारात थांबायच्या, घराचं नाव घ्यायच्या, अंगणातलं झाड नाहीतर विहीर काहीतरी सांगायच्या आणि त्या घरच्या सुनेला नावानं हाक मारायच्या: जल दाओ गो, पाणी दे गं. ती बाहेर येऊन तांब्याभर पाणी कळशीत ओतायची. सगळ्या गावाचं पाणी एकत्र झालं की त्यात नवरीची नाहीतर नवऱ्याची आंघोळ. एका घराचं राहिलं तर कळशी अपुरी.

इथे ती घरं नव्हती. म्हणून तू पाऱ्यातल्या तळ्यावर कळशी भरायचीस आणि परतताना एकेका घराचं नाव गाऊन दोन बोटांनी एकेक थेंब तीत टाकायचीस. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा, एक घर, एक पेर, म्हणजे कुणी राहू नये. मागे बायका शंख फुंकायच्या, जिभेनं तो उलूचा आवाज काढायच्या. पाऱ्यातल्या प्रत्येक मुलीची आंघोळ अशी तुझ्या गावच्या पाण्यानं झाली. कुणी विचारलं नाही की तुझ्याच गावच्या का. त्यांची गाणी त्यांच्या आजीबरोबर गेली होती.

एकदा मी विचारलं होतं, "माशीमा, ये सब घर के लोग अब कहाँ हैं?"

"पूछकर क्या करेगी? अभी तो गाने में हैं."

त्यानंतर मी विचारलं नाही. त्यातले कोण नदीपर्यंत पोचले, कोण नाही, हे तू कधी सांगितलं नाहीस. काही घरांपाशी तुझा आवाज खाली जायचा. मला वाटायचं, चालीतच तसं असेल.

मग तुला दम लागायला लागला. दोन घरं झाली की श्वास घ्यायला थांबायचीस. त्या वर्षी तू माझ्यामागे लागलीस.

"तू पढ़ी-लिखी है. तू सीख ले."

"मला गाता येत नाही, माशीमा. मी लिहून घेते."

"लिखने से क्या होगा? पाँच शादी में मेरे साथ गा, आ जाएगा."

"लिहिलेलं राहतं."

"मेरे ससुर भी यही बोलते थे."

पण मी हट्टानं नवं रजिस्टर आणलं, कडक पुठ्ठ्याचं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या घरात सात पिढ्यांत कुणी लिहिलं नाही, आणि आता मी लिहिते आहे. यापेक्षा मोठी परतफेड तुला मी काय देणार? आणि खरं सांगू का, लाजही वाटायची. ऑफिसातली बाई रस्त्यानं गात कशी जाईल?

लग्नाशिवाय ते गाणं गायचं नाही, रिकाम्या कळशीसमोर गायलं तर पाणी रुसतं, असं तू मानायचीस. म्हणून तू ते बोलून सांगितलंस, चालीशिवाय. अंगणात तू जमिनीवर, मी पाटावर, मांडीवर रजिस्टर. पहिलं घर हालदारांचं. घाटाजवळ, दारात हिजलचं झाड, सून कुसुम. चार ओळी. मी तुझे शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवले. दुसरं बिश्वासांचं. अंगणात दोन ढेकी, भात कांडायच्या, सून सरला. पुन्हा त्याच चार ओळी, फक्त नाव, खूण आणि सून वेगळी.

तिसऱ्या घराला मी पेन उचललं.

आमच्या कॉलेजात एक सर होते. माझी वही सगळ्या वर्गाला दाखवून ते म्हणाले होते, "बघा, जे पुन्हा येतं ते हिनं पुन्हा लिहिलं नाही. अभ्यास असा करायचा." त्या एका वाक्यावर मी अर्धं आयुष्य काढलं. ऑफिसातही तेच, 'उपरोक्तानुसार' लिहिलं की एक ओळ वाचते आणि साहेब खूश. तिसऱ्या घराला मी तेच केलं, जे मला सगळ्यात चांगलं येत होतं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'याप्रमाणे बाकी घरं.' खाली दुहेरी रेघ.

तू सांगतच होतीस. अंगठा पेरांवरून सरकत होता. मी "हव, हव" म्हणत होते आणि पट्टीनं समास आखत होते. माशीमा, तू एकेक घर माझ्या हातात देत होतीस आणि मी समास आखत होते.

सगळं सांगून झाल्यावर तू विचारलंस, "सब आ गया?"

"हव माशीमा, सब."

तू पानावर तळवा ठेवलास. जरा वेळ तसाच ठेवलास. मग म्हणालीस, "इतना छोटा हो गया?"

मी हसले. "यही तो पढ़ाई है, माशीमा."

आणि तू माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलंस की ते कौतुक मी अनेक वर्षं जपून ठेवलं होतं. पुढच्या दोन रविवारी आणखी चार लहान गाणी झाली, ती सगळी नीट आहेत. मग तू ते रजिस्टर लाल काठाच्या फडक्यात गुंडाळलंस आणि रेशनकार्डाशेजारी ठेवलंस. त्या दिवसापासून तू पाऱ्यातल्या मुलींच्या मागे लागणं सोडून दिलंस. कुणी म्हटलं, माशीमा, आम्हाला पण शिकव, तर म्हणायचीस, "अब क्या चिंता, कॉपी में है." तुझं सांगणं मी असं थांबवलं.

माझ्या लग्नाला तू आमगावला आलीस. आमच्या हापशीवरून कळशी भरलीस आणि सगळ्या वऱ्हाडासमोर गायलीस. दर दोन घरांना थांबत, पण शेवटपर्यंत. आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "काहून रडून राहिल्या वं ह्या?"

"गावातल्या घरायची नावं घेऊन राहिल्या."

"घेऊ दे मंग. मायच्या गावाचं नाव निघालं का मलेही तसंच होते." आणि आईनं आत जाऊन तांब्या आणला आणि तुझ्या कळशीत ओतला. तू तिचे दोन्ही हात धरलेस. पाणी घेतलंस, पण आमच्या घराचं नाव गाण्यात घेतलं नाहीस. मला तेव्हा थोडं लागलं होतं. नंतर कुमारीनंही एकदा म्हटलं होतं, "माँ, हमर घर के नाव घलो जोड़ दे ना," आपल्या घराचंही नाव जोड की. तू तिला झापलंस, "इसमें मत मिला. यहाँ का बनाना है तो अलग बना लो." कुमारी दोन दिवस फुगून बसली. मला वाटलं, तू उगाच कडक वागतेस. माझ्याशी तू यावर कधी भांडली नाहीस. भांडायला हवं होतं. मग कदाचित मी विचारलं असतं की एवढं काय आहे त्यात, आणि तू सांगितलं असतंस, आणि मी रजिस्टर उघडलं असतं.

लग्नानंतर मी शहरात, चौबे कॉलोनीत राहायला गेले. आधी दर रविवारी यायचे, मग महिन्यानं, मग सणाला. मधल्या काळात नवीन शहर झालं, मोठमोठे रस्ते झाले, आपल्या बाजूच्या जमिनींना भाव आला, तळं अर्धं बुजवून त्यावर प्लॉट पडले. तू मला फोनवर म्हणाली होतीस, "तालाब को भी भगा दिया." शेवटचं आले तेव्हा तू खाटेवर होतीस. मी सफरचंदं आणली होती, जी तुला आवडत नव्हती, हे मला माहीत होतं, तरी वाटेत तीच मिळाली म्हणून तीच घेतली. माझी बसची वेळ होत होती. तू म्हणालीस, "शंपा की शादी में मैं नहीं गा सकूँगी. कॉपी है ना?"

"हव माशीमा, कॉपी है."

तुझ्याशी बोललेलं हे माझं शेवटचं वाक्य. ते खोटं होतं, हे आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी गोपालनं ते फडकं आणून माझ्या हातात दिलं. "लो दीदी, माँ की तिजोरी." शंपाची आई समोर बसली होती. म्हणाली, लग्नात तूच वाचून गा, तुझ्याइतकी तिच्याजवळ कोण होतं. मी फडकं सोडलं. पान उघडलं. दोन घरं. मग माझं अक्षर. मग दुहेरी रेघ.

मी रजिस्टर मिटलं. कुमारीनं विचारलं, "का होगे दीदी?"

"काही नाही," मी म्हणाले. "डोळ्यात गेलं काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मी गोपाल आणि कुमारीला खरं सांगितलं. मला वाटलं, गोपाल चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "दीदी, मैं तो बचपन से सुना हूँ. हालदार, बिश्वास, फिर... फिर माँ का आवाज आता है. नाम नहीं आता." आणि त्यानं डोळे मिटून पुन्हा पाहिलं. "नहीं आता."

शोध केला, माशीमा. बीरगावला एक म्हातारी तिकडचीच आहे असं कळलं, तिच्याकडे गेले. ती दुसऱ्याच गावची निघाली. तिला गाणं नव्हतंच, तिला फक्त एका फणसाच्या झाडाबद्दल बोलायचं होतं. मी ते दीड तास ऐकून घेतलं. समास आखले नाहीत.

मग कुमारीला आठवलं, त्यांच्या लग्नाची सीडी आहे. तिनं ती पत्र्याच्या डब्यातून काढली. "मोर बिहाव देखके मोला झन हाँसबे दीदी," ती म्हणाली, मला हसू नका हं. शेजाऱ्याकडून प्लेयर आणला. हळद झाली, मग पाणी भरायला निघालेल्या बायका आल्या, आणि सगळ्यात पुढे तू. बारीक, ताठ, डोक्यावरचा पदर घसरलेला. तुझं तोंड हलत होतं. आणि आवाज होता सिनेमाच्या गाण्याचा. व्हिडिओवाल्यानं सगळ्या लग्नांवर लावतो तसं तुझ्यावरही गाणं लावलं होतं, म्हणजे पाहायला मजा यावी. मी आवाज बंद केला. तरी तुझा आवाज आला नाही, येणार कुठून?

तुझ्या ओठांवरून नावं ओळखायचा प्रयत्न केला. आम्ही तिघं टीव्हीच्या इतकं जवळ बसलो की चित्राचे नुसते ठिपके दिसायला लागले. नावं नाही आली. पण अंगठा दिसत होता. एक पेर, एक घर. मी मोजायला लागले. पुन्हा मागे नेलं, पुन्हा मोजलं. एकोणीस. एकोणिसाव्या पेरावर अंगठा असताना कॅमेरा बँडवाल्यांकडे वळला. परत तुझ्याकडे आला तेव्हा तू कळशी खाली ठेवली होतीस.

म्हणजे किमान एकोणीस. पुढे किती, तेही मला माहीत नाही.

आता लग्नाचं सांगते. परवा सकाळी आम्ही निघालो. तळ्यात उतरायला जागा राहिलेली नाही, म्हणून बोरिंगवर कळशी भरली. शंपाच्या आईनं कळशी घेतली, मी रजिस्टर. माझा आवाज फाटका आहे हे तुला माहीत आहे. तुझी चाल जशी कानात होती तशी गायले, वाकडीतिकडी, आणि पाच लग्नांत तुझ्याबरोबर गायले असते तर, हे मनात येत होतं. हालदारांचं घर झालं, थेंब टाकला. बिश्वासांचं झालं, थेंब टाकला. बायकांनी उलू केलं. मग मी थांबले.

शंखवाली माझ्याकडे पाहत राहिली. शंपाची आई हळूच म्हणाली, "आगे?"

मी पान दाखवलं. त्यांना वाचता येत होतं, हीच गंमत. त्यांनी वाचलं. एवढ्या बायका रस्त्यावर गप्प उभ्या, आणि उन्हात कळशीतलं पाणी चकाकत होतं.

तेव्हा मागून कुमारी गायला लागली. तुझ्या चालीवर, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. पण शब्द तिचे, दारातल्या शेवग्यासकट: गोपाल के घर, आँगन मा मुनगा, कुमारी बहू, पानी दे! "मैं तो यहीं खड़ी हूँ, देती हूँ बाबा, चिल्ला क्यों रहे हो," असं स्वतःलाच म्हणत ती पळत घरात गेली, तांब्या आणला आणि ओतला. बायका हसल्या. पुढचं घर मिस्त्रींचं. "मिस्त्री घर की बहू, सो रही है क्या?" "आ रही हूँ, मेरी चाय उबल रही है!" मग ती आली, एका हातात पातेलं, एका हातात तांब्या. मग मंडल. मग नवीन राहायला आलेलं साहूंचं घर, त्यांना रीत काय तेही माहीत नव्हतं, तरी त्यांची सून धावत बाहेर आली आणि चुकून बादलीच ओतली. सगळ्यांच्या पायातल्या चपला भिजल्या. शेवटी कुमारी ओरडली, "और चौबे कॉलोनी घर की बहू! आँगन में कुछ नहीं, खाली स्कूटी!" मला कुणीतरी तांब्या दिला. मीही ओतला.

कळशी काठोकाठ भरून वाहायला लागली. खऱ्या दारांतून, खऱ्या सुनांनी ओतलेलं पाणी, तुमच्या गावात ओतायचे तसं. या पाऱ्यात ती रीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरी झाली, माशीमा. शंपा हसत हसत न्हाली. तिची आई माझा हात धरून म्हणाली, "माशीमा खुश हुई होगी."

मी हव म्हणाले. मला माहीत नाही. तू हसली असतीस की कुमारीला झापलं असतंस, ते मला ठरवता येत नाही. मला एवढंच दिसलं की गाणं पूर्ण झालं, आणि तेच सहन होत नाही. मी थांबले होते तेव्हा तिथे एक भोक होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आता ते भरलं. पुढच्या लग्नात कुमारी गाईल, त्याच्या पुढच्यात तिची मुलगी, आणि हालदार, बिश्वास या दोघांच्या मागे लगेच गोपालचं घर येईल, जणू नेहमीच तसं होतं. मी कुमारीला थांबवू शकले नसते. थांबवायचा हक्क मला कशाच्या जोरावर असता?

संध्याकाळी कुमारी म्हणाली, "दीदी, ये वाला लिख लो." मी लिहिलं. प्रत्येक घर, प्रत्येकाच्या चारही ओळी, झाड, सून, साहूंची बादलीसुद्धा. नऊ पानं झाली. कुमारी म्हणाली, "अतका बड़?" एवढं मोठं?

ते जुनं पान मी फाडलेलं नाही. दुहेरी रेघेच्या खाली मी तीनपासून आकडे घातलेत, एका ओळीत एक. भाजी चिरताना तू जे कधी सांगितलंस त्यातलं जे आठवतंय ते बाजूला लिहून ठेवते आहे: एका घरी बोरीचं झाड होतं. एका घरची सासू शिव्या दिल्याशिवाय पाणी देऊ द्यायची नाही. एका घरची गाय लंगडी होती. पण ही घरं कुणाची, आणि कोणत्या आकड्यासमोर लिहायची, ते माहीत नाही. म्हणून ती समासात आहेत, मी त्या दिवशी आखलेल्या समासात.

एकोणीसपर्यंत आकडे घालून झाले. वीस लिहू की नको, हे विचारायला आता कुणी नाही.